चुकलेले कराड, सापडलेले शेणोली

१/ नागपूरहून उंब्रजला घरी परतत होतो. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून कोल्हापूरपर्यंत तेराशेहून अधिक किलोमीटर धावते, तेही राज्याची हद्द न ओलांडता. वऱ्हाडातील काळी राने मावळतीला मागे पडली. सकाळी साताऱ्याचे ऊसमळे आले. खिडकीशीच डोळा लागला.

२/ कराडला उतरायचे राहिले. जाग आली तेव्हा एक पिवळी पाटी सरकत होती : शेणोली.

३/ ७ जून १९४३. प्रतिसरकारच्या तुफान सेनेने येथेच पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ हे तिचे म्होरके. हत्यारे बेताचीच; रुळांवर दगड रचून गाडी थांबवली होती.

४/ माझ्या प्रबंधाच्या टिपणांत या घटनेसाठी ‘लूट’ हा शब्द होता. तो राज्यकर्त्यांचा शब्द. अडवणाऱ्यांच्या लेखी ते जनतेचे धन परत घेणे होते. दोन वर्षे हा प्रसंग अभ्यासला, पण कराडच्या पुढे खिडकीतून कधी पाहिलेच नव्हते.

५/ किर्लोस्करवाडीला उतरलो, टिपणातला तो शब्द खोडला. परतीच्या गाडीत उभ्यानेच आलो. मात्र दार सोडले नाही.