रेघेचा कल

आषाढात पावसाने उघडीप दिली, की अमडापूरच्या शिवारात डवरणी उरकते आणि कोवळ्या सोयाबीनमधून ओल्या काळ्या मातीच्या रेघा उजळतात. मधूनच तुरीचं एखादं तास. धुऱ्यावर वाकलेली बाभूळ. पलीकडे बल्लाळदेवीच्या टेकडीची तिरपी कड. आडवं, उभं, कललेलं, सारं नजर उचलताच कळतं. या कळण्यामागे किती अबोल जीवांचा मेळ असतो!

डोळ्याच्या पडद्यावर रेघ नसतेच. तिथे प्रत्येक पेशीच्या वाट्याला येतो एक इवला उजेडठिपका. दर डोळ्यातून निघालेल्या सुमारे १० लाख तंतूंच्या जुडीतून त्यांचे निरोप मेंदूच्या गाभ्यातल्या एका थांब्यावर येतात आणि तिथून डोक्याच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रात. तिथल्या एका पेशीपाशी एकाच ओळीतल्या ठिपक्यांचे निरोप जुळून येतात, तिफणीतून पडलेले दाणे एका तासात उगवावेत तसे. म्हणून त्याच कलाची रेघ दिसली की ती पेशी चेतते. कल बदलला की मंदावते.

१९५८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या अशा एका पेशीला ठिपके दाखवत होते. ती गप्पच होती. ठिपक्याची काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली, आणि पेशी एकाएकी बोलू लागली! तिला हवी होती ती एका कलाची कड.

माकडांच्या मेंदूत हे निरोप सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास पोचतात, आणि पुष्कळ पेशींच्या पहिल्याच स्पंदनांत कल उमटलेला असतो. तरी एकटीचं बोलणं अपुरंच. ती मंद बोलली, तर रेघ फिकट आहे की जराशी कललेली, हे कसं ठरावं? शेजारणी काय म्हणतात तेही ऐकावं लागतं. वेगवेगळ्या कलांवर जीव लावणाऱ्या असंख्य पेशी एकदम बोलतात, तेव्हा कुठे एक रेघ सरळ दिसते.

आणि हा मेळ उजेडावर पोसला जातो. प्रयोगांत जन्मानंतर एक डोळा झाकून ठेवलेल्या मांजराच्या पिल्लांत, तो डोळा पुढे उघडला तरी त्याला ओळखणाऱ्या पेशी फार थोड्या उरल्या होत्या. त्या मुक्या पिल्लांचं हे ऋण मोठं आहे. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढुरकेपणा दिसला, डोळा तिरळा होऊ लागला, तर ‘मोठेपणी बघू’ म्हणू नये. तो पांढुरकेपणा मोतीबिंदूचा असला, तर मोतीबिंदू पुढेही काढता येतो. पण त्या डोळ्याशी नातं जोडायचा पेशींचा काळ लहानपणीच सरतो.