जीवितहानी : निरंक

अतिवृष्टी आणि दरडी यांनी मोडून पडलेल्या गावापर्यंत शासनाचे साहाय्य दोन निरनिराळ्या वाटांनी पोहोचते. एक वाट मदतीची, म्हणजे पंचनामा, निकष आणि बँक खात्यात जमा होणारी रक्कम यांची. दुसरी पुनर्वसनाची, म्हणजे धोक्याच्या उतारावरून गाव उठवून ते सुरक्षित जागी नव्याने वसवण्याची. नुकसान मोजून झाले की पहिली वाट उघडते. दुसरी मात्र, महाराष्ट्राचा अनुभव पाहता, मृतांचा आकडा मोठा असल्याखेरीज सहसा उघडत नाही. प्रस्तुत लेखकाला हा भेद उमगला तो जुलै २०२१ नंतर पोलादपूरच्या डोंगरातील एका वाडीत, तिथल्या कुटुंबांचे अर्ज लिहून देण्याचे काम करीत असताना. त्या वाडीच्या अहवालात ‘जीवितहानी’ या शब्दापुढे ‘निरंक’ असे लिहिले होते. कारकुनी भाषेत निरंक म्हणजे शून्य.

महसूल मंडळात, म्हणजे काही गावे मिळून होणाऱ्या महसुली घटकात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की कागदोपत्री अतिवृष्टी धरली जाते. २२ जुलै २०२१ च्या सुमारास, ज्या डोंगरावर पोलादपूरवरून वाहणाऱ्या सावित्री नदीचा उगम आहे त्या महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सह्याद्रीचा कातळ काळा आणि कठीण असला तरी त्यावर माती व कुजलेल्या मुरमाचा जाड थर असतो. भेगांतून शिरलेले पाणी या थरात कोंडले की मातीची कणाकणांतील पकड सुटते, आणि मग दगड, झाडे, चिखल असा सगळाच ऐवज एका लोंढ्याने खाली येतो. वाडीच्या वरच्या अंगाला दरड येण्यापूर्वी दुपारीच भेग दिसली होती, म्हणून जाणत्यांनी सगळ्यांना शाळेत हलवले, आणि या शहाणपणामुळेच माणसे वाचली.

पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष नुकसानीची पाहणी करून केलेली लेखी नोंद. मदतीचा पुढचा सगळा डोलारा या एका कागदावर उभा असतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक असे पथक वाडीत आले, तेव्हा छापील नमुन्यात घर कच्चे की पक्के, पडझड पूर्ण की अंशतः, असे प्रश्न होते. समोर मात्र घरच नव्हते, जोत्याचे दगडसुद्धा नव्हते. एका वृद्ध बाईंनी गाळात उभे राहून जागा दाखवली : “भाऊसाहेब, चूल इथं होती, आणि गोठा त्या फणसाच्या अंगाला.” तलाठ्याने त्याप्रमाणे लिहायला सुरुवात केली, तोच बाईंच्या मुलाने थांबवले, कारण तो फणस उभाच्या उभा तीसेक पावले खाली सरकून आला होता आणि आईचे सगळे माप त्या झाडावरून चालले होते. अखेर विहिरीच्या कठड्यावरून अंदाज बांधून चतुःसीमा लिहिल्या गेल्या. तलाठी कामाला प्रामाणिक होता, हे इथे नोंदवलेच पाहिजे. नमुना मात्र पडलेल्या घरासाठी केलेला होता, नाहीशा झालेल्या घरासाठी नव्हे.

घराच्या बाबतीत त्या वर्षी शासनाने हात आखडता घेतला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने ११,५०० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात पूर्ण पडलेल्या घराला केंद्रीय निकषांपेक्षा अधिक, दीड लाख रुपये धरले होते. खरी अडचण जमिनीची होती. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, ज्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो, त्याच्या तेव्हाच्या निकषांनुसार शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला तर तो काढण्यासाठी हेक्टरी १२,२०० रुपये आणि दरडीने जमीनच गेली तर हेक्टरी ३७,५०० रुपये मिळत, तेही केवळ अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरांच्या आतल्यांना. कोकणातल्या डोंगरात हेक्टराची भाषा फारशी चालत नाही, भाताची खाचरे गुंठ्यांत मोजतात. ज्या बाईंचे घर गेले त्यांची खाचरे १२ गुंठ्यांची होती. निकषाप्रमाणे हिशेब ४,५०० रुपये झाला, आणि सातबाऱ्यावर तीन नावे सामाईक असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला दीड हजार. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, माती अडवून केलेले खाचर एकदा वाहून गेले की पुन्हा होत नाही, आणि ‘जमीन गेली’ या नोंदीत हे कष्ट कुठेच मोजले जात नाहीत.

पुनर्वसनाचे निकष असे लिहून ठेवलेले नसतात, पण घटनाक्रम पुरेसा बोलका आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली, आणि जवळच आमडे येथे नवे गाव उभे राहून एप्रिल २०१७ मध्ये घरे सुपूर्द झाली. पहिल्याच पावसाळ्यात तिथल्या भरावाला आणि रस्त्यांना तडे गेले, हा भाग वेगळा. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक बळी गेले, तिथे घरे बांधण्याचे काम म्हाडाकडे देण्यात आले. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाचलेल्यांसाठीच्या नव्या वसाहतीचे काम सिडकोकडे गेले. ही इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच. म्हणजे यादीत असून पुनर्वसन मिळत नाही आणि यादीत नसतानाही मिळते. मधे उभा असतो तो मृतांचा आकडा.

पोलादपूरची ती वाडी दरडीनंतर यादीत आली. भूवैज्ञानिकांनी उतार पाहिला, धोकादायक ठरवला, आणि पुनर्वसनाचा प्रस्ताव वर गेला. गावठाणाला सपाट जागा लागते, सपाट जागा खासगी असते, आणि तिच्या संपादनासाठी पैसा लागतो. प्रस्ताव या तीन पायऱ्यांवर अडून राहिला. बाईंच्या मुलाने मिळालेल्या दीड लाखात त्याच उताराच्या कडेला, विहिरीच्या खालच्या अंगाला, पत्र्याचे घर बांधले, कारण दुसरीकडे त्याच्या नावावर जमीनच नव्हती.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात कोतवाल शाळेच्या भिंतीवर नोटीस लावतो आणि घरोघरी सह्या घेतो. अतिवृष्टीच्या काळात रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या हानीस ते स्वतः जबाबदार राहतील, असा तिचा मजकूर असतो. ते सुरक्षित स्थळ कोणते, हे त्यात लिहिलेले नसते.