जुनी फ्रेम, नवे भाग

चि. ओंकार,


नॉटिंगहॅमची जुनी रॅले घेतलीस आणि विचारतोस, नवे गिअर-ब्रेक लावले तर ती तीच सायकल राहील का? प्रश्न मनात घोळत राहिला, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत असं की भाग खुशाल बदल, फक्त फ्रेम कापू-घासू नकोस. सायकलीचा इतिहास फ्रेममध्ये असतो. तुझ्या फ्रेमवर ५३१ लिहिलंय ते बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीचं मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद, १९३५ पासूनचं. नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ, कारण ताण सांध्यांवर येतो. दोन नळ्या जिथे मिळतात तिथल्या नक्षीदार खोबणीच्या कडेवरून नख फिरवून बघ. हे हाताचं काम आहे, ते गेलं की परत मिळत नाही. चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर हे मात्र झिजण्यासाठीच असतात. पितळी पातेल्याला नवी कल्हई केली म्हणून पातेलं बदललं असं आपण म्हणतो का?

जाणकार हरकत घेतील. तस्कनीत जुन्या सायकलींचा 'लेरोइका' सोहळा भरतो, तिथे साधारणपणे १९८७ पूर्वीच्या सायकली आणि खालच्या नळीवरची गिअरची कांडी लागते. त्या सोहळ्यापुरतं ते योग्यच आहे. पण तू रोज रहदारीतून कामावर जाणार. गिअरसाठी हँडल सोडून खाली हात नेणं तिथे धोक्याचं, आणि जुन्या क्रोमच्या रिमवर पावसात ब्रेक नीट लागत नाही. आपल्याकडे जुनी वस्तू एकतर देव्हाऱ्यात बसते नाहीतर भंगारात जाते, वापरात राहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मग नवीनच का घेऊ नये, असंही कोणी म्हणेल. पण पोलादाचा गुण बघ: मागच्या चिमट्यातलं १२६ मिलिमीटरचं अंतर १३० पर्यंत वाकवून नवं चाक बसवता येतं. अॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला असं वाकवता येत नाही. आपलं मूळ न सोडता नव्याला जागा देणारी वस्तू सोडून का द्यायची? मूळ सुटू नये, हीच काळजी मला तुझ्याबद्दलही असते, हे लपवत नाही.

तेव्हा चाकं मागवण्याआधी माप घे. जुनी चाकं २७ इंची असतील तर ७०० सीची रिम चार मिलिमीटर आत येते, तिथवर पोचणारे ब्रेक शोधावे लागतील. फ्रेम वाकवायचं काम पोलादाची माहिती असलेल्या कारागिरालाच दे. काढलेले मूळ भाग तेलाचा हात फिरवून डब्यात ठेव. आणि उत्तर मराठीत लिही, चुका झाल्या तरी चालतील.

तुझा,
काका