कोमट पाणी

मनुष्याच्या अधःपाताच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. परंतु तो जेथल्या तेथें थांबून राहिल्याची कथा सहसा कोणी लिहीत नाहीं. पडणाऱ्याचा आवाज होतो व तो ऐकून चार माणसें धांवून येतात. थांबलेल्याचा आवाज होत नाहीं. तो थांबला आहे हें शेजाऱ्यांस तर कळत नाहींच, पण त्याचें त्यालाही कळत नाहीं. धर्मजीवनांत पडण्यापेक्षां हें थांबणेंच अधिक घातक आहे, असें आम्हांला उत्तरोत्तर वाटूं लागलें आहे. आम्ही ज्या ख्रिस्ती समाजांत जन्मलों व वाढलों, त्याच्या अनुभवावरून हा विचार सुचला. तथापि वाचक कोणत्याही पंथाचा असो, आपल्या घरची कांहीं खूण त्याला यांत सांपडल्यावांचून राहणार नाहीं.

नव्या कराराच्या अखेरच्या पुस्तकांत आशियांतील सात मंडळ्यांना लिहिलेलीं पत्रें आहेत. त्यांतील सातवें पत्र लावदिकीया नगरांतील मंडळीला आहे. आजच्या तुर्कस्तानांत डेनिझली शहराजवळ या नगराचे अवशेष पाहावयास मिळतात. नगर मोठें सधन होतें. सावकारी व काळ्या लोंकरीचा व्यापार यांबद्दल त्याची ख्याति होती. इ. स. ६० मध्यें भूकंपानें तें उद्ध्वस्त झालें, तेव्हां रोमच्या मदतीवांचून, केवळ स्वतःच्या बळावर तें पुन्हां उभें राहिलें, असें टॅसिटस या रोमन इतिहासकारानें नमूद केलें आहे. जवळच हिएरापोलिस येथें ऊन पाण्याचे झरे होते. दुसऱ्या बाजूस कलस्सै येथें थंड पाणी होतें. अशा नगरांतील मंडळीला पत्रांत जो दोष लावला आहे तो खुनाचा नव्हे कीं चोरीचा नव्हे. आरोप एवढाच, कीं ती ऊनही नाहीं व थंडही नाहीं. आणि आपणांस कशाचीच उणीव नाहीं अशी तिची समजूत आहे. भूकंपानंतरही ज्या नगराला कोणापुढें हात पसरावा लागला नाहीं, त्याची देवापुढें हात पसरण्याची संवय सुटली असावी, असा आमचा तर्क आहे.

ऊन पाण्यानें अंग शेकतां येतें, थंड पाण्यानें तहान भागते. कोमट पाण्याचा यांपैकीं कशालाच उपयोग नाहीं. शिवाय तें कोमट केव्हां झालें तें सांगतां येत नाहीं. चुलीवरून उतरलेला हंडा एका क्षणांत निवत नसतो. हात लावून पाहणारा कोणी नसला, म्हणजे तो अजून ऊनच आहे असें सर्वजण धरून चालतात.

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती घराण्यांत हा हंडा कसा निवतो तें आम्हीं जवळून पाहिलें आहे. पहिल्या पिढीला शब्द देण्याची किंमत रोख मोजावी लागली. बाबा पदमनजींनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचें 'अरुणोदय' हें आत्मचरित्र ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना त्या काळीं घर, जात व आप्तेष्ट यांपासून तुटणें म्हणजे काय होतें याची कल्पना येईल. नातवंडांच्या वांट्याला तें सारें आयतें आलें. मंडळीच्या वहींत नांव, मंदिरांत ठराविक बाक, नाताळांत करंज्या आणि लहानपणापासून पाठ झालेलीं गीतें! आजोबांनीं सोसलेल्या बहिष्काराची गोष्ट आम्ही मुलांना सांगतों, आणि सांगतां सांगतां तो बहिष्कार आपणच सोसला असा भास होऊं लागतो. दुसऱ्याच्या त्यागावर स्वतःची भक्ति जमा धरण्याचा हा व्यवहार इतक्या सहजपणें होतो कीं त्यांत कोणालाच कांहीं वावगें दिसत नाहीं.

याचें मूळ आम्हांला एकाच गोष्टींत दिसतें. शब्द दिला म्हणजे तो पाळला गेला, असें मन मानून घेतें. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, या सर्व प्रसंगीं मनुष्य देवासमक्ष व माणसांसमक्ष कांहीं कबूल करतो. त्या दिवसाची तारीख वहींत नोंदली जाते. पुढील तीस वर्षांत त्या कबुलीचें काय झालें याची वही कोठेंच नसते. पेरणीच्या दिवसालाच सुगी समजणाऱ्या शेतकऱ्याला आपण हंसूं, परंतु धर्माच्या शेतांत बहुतेकांची समजूत तशीच असते.

पंडिता रमाबाईंचें चरित्र या बाबतींत आम्हांला फार मोलाचें वाटतें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें अमेरिकेचा प्रवास करून त्या परतल्या आणि १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. विद्वत्तेची कीर्ति, विधवांच्या शिक्षणाचें कार्य, देशोदेशींचे स्नेही, लोकनिंदा सोसण्याचें धैर्य, यांतील कांहींच उणें नव्हतें. असें असतांही बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना आढळून आलें, कीं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण ख्रिस्त अद्याप मिळावयाचा आहे. ही गोष्ट पुढें त्यांनीं स्वतःच मोकळेपणें लिहून ठेवली आहे. आत्मतुष्टि हा आळशी माणसांचाच रोग आहे, हा समज येथें खोटा ठरतो. कामाच्या भर गर्दींतही मनुष्य आंतून थांबलेला असूं शकतो. आणि हंड्याला हात लावून पाहण्याचें धैर्य रमाबाईंसारख्या एखादीलाच होतें.

त्या जागृतीनंतर काय घडलें तें अधिक महत्त्वाचें आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं शेंकडों निराधार स्त्रिया व मुली आणल्या आणि केडगांवीं त्यांचा सांभाळ केला. हिब्रू व ग्रीक या भाषा अभ्यासून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर हातीं घेतलें. त्याची छपाईही तेथील स्त्रियांच्या हातून करवली. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी हातचें काम सुटलें नाहीं. १९२२ मध्यें मृत्यु आला तोंपर्यंत तें चालूंच होतें. एका दिवसाच्या उमाळ्याची परीक्षा अशा पुढच्या वर्षांत होते. मुद्रितांतील काने व वेलांट्या तपासतांना उमाळा टिकत नाहीं. तेथें दिलेला शब्दच उपयोगी पडतो.

जॉन वेस्लीनें हें ओळखलें होतें. १७५५ सालीं लंडनमध्यें त्यानें आपल्या अनुयायांकडून देवाशीं केलेला करार उभ्यानें पुन्हां वदवून घेतला. तेव्हांपासून मेथॉडिस्ट मंडळ्यांत अशी उपासना रूढ झाली, आणि अनेक ठिकाणीं ती नववर्षाच्या आरंभीं होते. यावर आक्षेप येईल, कीं दरसाल उच्चारलेली प्रतिज्ञा हीही एक संवयच होऊन बसेल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच शपथा वाहण्यापेक्षां साध्या होकारालाच शपथेचें मोल द्यावें, ही ख्रिस्ताची शिकवण आम्हांला अधिक कठीण व अधिक हिताची वाटते. ज्या पेत्रानें प्राण गेला तरी सोडणार नाहीं असें सांगितलें, त्यानेंच त्या रात्रीं कोंबडा आरवण्यापूर्वीं तीन वेळां ओळख नाकारली. पुनरुत्थानानंतर ख्रिस्त त्याला भेटला तेव्हां त्यानें नवी शपथ मागितली नाहीं. प्रीति आहे काय, असें तीन वेळां विचारलें आणि मेंढरें राखण्याचें काम सोंपविलें. मोडलेल्या शब्दावर कामाइतका दुसरा उतारा नाहीं, हा त्या प्रसंगाचा आम्हांला उमगलेला अर्थ आहे.

तें काम लहान असलें तरी चालतें, किंबहुना लहान असावें. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षकांची दृष्टि गेली, तेव्हां दर गुरुवारीं संध्याकाळीं येऊन वाचून दाखवूं, असें आम्हीं त्यांना कबूल केलें. पहिले दोन महिने उत्साहाचे गेले. मग पाऊस आला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, सभा आल्या, आणि उत्साह संपला. उरला तो केवळ शब्द. आपण येणार हें धरून गृहस्थ धुतलेला सदरा घालून साडेपांचपासून दाराशीं खुर्ची टाकून बसत असत. त्यामुळें न जाणें शक्यच नव्हतें. सहा वर्षें हा क्रम चालला. पुढें आमच्या ध्यानांत एक नवल आलें. उत्साहानें गेलों त्या दिवशीं आम्ही त्यांना ऐकवीत असूं. निरुत्साहानें गेलों त्या दिवशीं आम्ही त्यांचें ऐकत असूं. ईश्वराचा जो कांहीं स्पर्श आम्हांला त्या घरीं झाला, तो बहुधा दुसऱ्या प्रकारच्या गुरुवारींच झाला.

आतां आमचें वयही असें आहे कीं थांबण्यास सर्व सोयी अनुकूल आहेत. निवृत्ति जवळ आली आहे, मुलें मार्गाला लागलीं आहेत, मंडळींत मान आहे. याच वयाचा विचार करतांना आम्हांला रेव्हरंड टिळकांची आठवण होते. त्यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. बावीस वर्षांनंतर, १९१७ मध्यें, पंचावन्नाव्या वर्षीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडून साताऱ्यास 'देवाच्या दरबारा'चा संकल्प मांडला. लोक निवृत्तिवेतनाचा हिशेब करतात त्या वयांत त्यांनीं वेतनच सोडलें! पुढें दोनच वर्षांनीं, १९१९ मध्यें, ते निवर्तले आणि 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. विद्यालयाचें तोंड न पाहिलेल्या त्या बाईनें पतीचा शब्द आपला मानला आणि ओवीमागून ओवी रचून तो पाळला.

आपल्या धर्मग्रंथाच्या दोन्ही भागांना मराठींत करार म्हणतात, जुना आणि नवा. करारांत पक्ष दोन असतात. त्यांतील एक पक्ष आपल्या शब्दाला जागला, यावर आमची सारी श्रद्धा उभी आहे. तेव्हां प्रश्न राहतो तो दुसऱ्या पक्षाचा. त्याचें उत्तर उपासनेच्या बाकावर बसून मिळत नाहीं. येत्या आठवड्यांत आपण कोणाकडे जावयाचें कबूल केलें आहे आणि तेथें कोण वाट पाहात बसलें आहे, एवढें आठवून पाहावें. कोणीच वाट पाहात नसेल, तर पाणी निवूं लागलें आहे असें खुशाल समजावें.