भिंतीवरच्या छत्र्या

आमच्या सोप्यात, देवांच्या तसबिरींच्या रांगेत वर्तमानपत्रातलं एक कात्रण काचेच्या चौकटीत होतं. आभाळभर पॅराशूटच्या छत्र्या, वर विमानं. चंदगडला पेपर बेळगावहून एस.टी.नं यायचा. डिसेंबर 1971 मधल्या अशाच एका गठ्ठ्यातून ते चित्र घरात आलं आणि आजोबांनी कापून ठेवलं. माझे चुलते, अण्णा, तेव्हा 2 पॅरा पलटणीत होते. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. 1944 साली इटलीत यशवंत घाडगे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, ते याच पलटणीतून लढताना. 11 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी ती बांगलादेशात टांगाईलजवळ उतरली, पुंगलीचा पूल तिनं घेतला आणि 16 तारखेला ती ढाक्यात शिरली.

पाहुणा आला की आजोबा चौकटीकडे बोट दाखवत, "ह्यात आमचा हाय." अण्णांची छत्री कुठली, यावरून आम्हा पोरांची भांडणं व्हायची. अण्णाही लढाई सांगायचे ती चित्राबरहुकूम: स्वच्छ उजेड, रांगेतली विमानं, मोजून घ्याव्यात अशा छत्र्या. पण कधी खळ्यावर, तंबाखू मळता मळता, दुसरंच काही बाहेर यायचं. अंधारून आलेलं, भाताच्या खाचरातला चिखल, कुणी थेट तळ्यात पडलेला, आणि "जय बांगला" म्हणत, दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन धावणारे तिथले शेतकरी. पाहुण्यांपुढे हे कधी यायचं नाही. चौकटीत चिखल नव्हता ना!

पुष्कळ वर्षांनी वाचण्यात आलं की ते चित्र टांगाईलचं नव्हतंच. संरक्षण खात्याचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनीच पुढे ही हकिकत सांगितली. प्रत्यक्ष उडीचा फोटो हाताशी नव्हता, म्हणून आग्र्याच्या जुन्या सरावाचा फोटो त्यांनी वर्तमानपत्रांना दिला. तो जुना आहे एवढंच सांगितलं नाही. उतरली होती एक पलटण, पण चित्र पाहून अख्खी ब्रिगेड उतरल्याचा समज पसरला. ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतींचा धीर खचायला तेही एक कारण झालं, असं राव सांगत.

मी हे अण्णांना सांगितलं. ते हसले. "मग तर मी त्यात असणारच गा. आग्र्याला आम्ही उड्याच मारत होतो की." चौकट जागची हलली नाही. शत्रूसाठी छापलेलं चित्र प्रत्यक्ष उडी मारलेल्या माणसाच्या आठवणीतही जाऊन बसलं होतं.

कारगिलच्या वेळी, 1999 मध्ये, चौकटीची जागा टीव्हीनं घेतली. तोलोलिंग, टायगर हिल ही नावं आमच्या बाजारात काजूच्या दरासारखी तोंडपाठ झाली. तिथं 527 जवान गेले आणि दर 26 जुलैला आपण त्यांना आठवतो. श्रीलंकेत शांतिसेनेच्या मोहिमेत 1987 ते 1990 या काळात सुमारे 1200 गेले. मराठा पलटणी तिथंही होत्या. पण त्या मोहिमेचं विजयाचं असं एकही चित्र नाही. शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली तेव्हा स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्रीसुद्धा गेले नाहीत. आमच्या गावचा एक जण जाफन्याहून परतला. "सुट्टी किती हाय?" यापलीकडे त्याला कुणी काही विचारलं नाही.

मे 2025 मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी, तर काही वाहिन्यांनी एका रात्रीत कराची बंदर बेचिराख केलं. सकाळी ते जागेवरच होतं. आग्र्याच्या फोटोनं निदान शत्रू तरी फसला होता. या वेळी फसलो आपणच. आणि ती रात्र पाहिलेली पोरं अजून शपथेवर सांगतात की बंदर जळताना त्यांनी पाहिलंय. छापलेलं खोटं एक वेळ दुरुस्त करता येतं, डोळ्यांनी 'पाहिलेलं' कसं करणार?

शाळेत विजय दिवसाला मला बोलायला बोलावतात. अलीकडे मी छत्र्यांऐवजी अण्णांच्या चिखलाविषयी बोलतो आणि जाफन्याच्या फौजीला सोबत घेऊन जातो. तो जेमतेम बोलायला लागतो तोच एखादं पोरगं विचारतं, "मामा, व्हिडिओ हाय काय?"

तो म्हणतो, "न्हाई गा. माझ्याकडनंच ऐकायला लागंल."