सतरा मार्चचा ड्राय डे

सेंट पॅट्रिक्स डे म्हटलं की साऱ्या जगाला बिअर आठवते. पण हा सण ज्यांचा, त्या आयरिश लोकांच्या देशात १९२७ पासून १९६० पर्यंत १७ मार्चला पबना कायद्यानं कुलूप असे. नाताळ, गुड फ्रायडे आणि सेंट पॅट्रिक हे वर्षातले तीन कडकडीत ड्राय डे. इथं डब्लिनमध्ये आमच्या गल्लीत ऐंशी कधीच ओलांडलेले एक आजोबा राहतात. त्या कोरड्या वर्षांचा विषय निघाला की सरकारवरचा त्यांचा राग अजूनही ताजा असतो.

बंदी घालणारी माणसं काही वेडी नव्हती. १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट जन्माला आलं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंडमधल्या व्यंगचित्रांतला आयरिश माणूस म्हणजे माकडाच्या तोंडाचा, तारवटलेल्या डोळ्यांचा आणि हातात बाटली घेतलेला. राज्य आपलं झाल्यावर ही ओळख पुसायची होती. निदान राष्ट्रीय सणाला तरी लोक शुद्धीवर दिसावेत, असा हिशेब. न्यायमंत्री केव्हिन ओहिगिन्स यांनी १९२७ चा मद्यविक्रीचा कायदा आणला. त्यात पबांची संख्या कमी करण्याचीही तरतूद होती. त्याच वर्षी जुलैमध्ये ओहिगिन्स यांची हत्या झाली, पण ती यादवी युद्धाच्या वैरातून. दारूचा तिच्याशी संबंध नाही, हे सांगून टाकलेलं बरं. मुंबईच्या माणसाला यातलं काही परकं वाटू नये. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत मुंबई प्रांतानंही दारूबंदीचा कायदा केला आणि पिण्यासाठी परवाना काढायची पद्धत आपल्याला त्याच कायद्यानं लावून दिली. देश नवा असला की चारचौघांत नीटनेटकं दिसायची फार घाई असते.

बंदी आली की पळवाट आलीच. डब्लिनची पळवाट चार पायांची होती. बॉल्सब्रिज भागात रॉयल डब्लिन सोसायटीचं मोठं आवार आहे. १७ मार्चला तिथं कुत्र्यांचं प्रदर्शन भरे आणि प्रदर्शनातल्या बारला दारू विकायची मुभा असे. साहजिकच त्या दिवशी डब्लिनकरांच्या श्वानप्रेमाला भरतं येई. तिकीट काढायचं, आत शिरायचं, कुत्र्यांकडे पाठ करायची आणि बारच्या गर्दीत घुसायचं. आजोबांचे वडील दरवर्षी न चुकता जात. घरात कुत्रा नव्हता, कधी पाळायचा विचारही नव्हता. संध्याकाळी परतल्यावर त्यांची बायको शांतपणे विचारायची, कुठल्या कुत्र्याचा पहिला नंबर आला? यांचं उत्तर ठरलेलं: आयरिश वुल्फहाउंड. इतकी वर्षं एकच जात कशी जिंकते, हे तिनं कधी विचारलं नाही. १९६० च्या कायद्यानं पब उघडले आणि त्यानंतर प्रदर्शनाला खरोखर कुत्री आवडणारीच माणसं तेवढी येत राहिली असणार. गुड फ्रायडेची बंदी मात्र थेट २०१८ पर्यंत टिकली.

सणाला पिण्याची चाल अर्थात या बंदीपेक्षा पुष्कळ जुनी. तिचं मूळ बिअरमध्ये नाही, उपासात आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस कॅथलिकांचा लेंट असतो. पूर्वी त्यात मांस वर्ज्य, चैन वर्ज्य. १७ मार्च दरवर्षी या काळातच येतो. संताच्या नावानं त्या एका दिवसापुरते नियम सैल व्हायचे. आपण गटारी श्रावण लागायच्या आत उरकून घेतो. आयरिश लोकांनी ती श्रावणाच्या पोटात नेऊन बसवली, आणि वर चर्चला ती मान्य करायला लावली. इतकी मोठी राजकीय कामगिरी त्यांच्या पुढाऱ्यांनाही क्वचितच जमली असेल.

या चालीची जुनी नोंद एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुस्तकात सापडते, ही मला आवडणारी गंमत. केलेब थ्रेलकेल्ड हा इंग्लंडहून डब्लिनला येऊन राहिलेला पाद्री आणि वैद्य. म्हणजे इथं माझ्यासारखाच उपरा. आयर्लंडच्या वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १७२६ चं. त्यात शॅमरॉकची, म्हणजे क्लोव्हरच्या तिपानी रोपट्याची माहिती देता देता तो सांगतो की लोक हे रोप १७ मार्चला टोपीत खोवतात आणि ते ओलं करायच्या निमित्तानं नको तितकी पितात. वनस्पतीचं वर्णन करताना शेजाऱ्यांच्या वागण्यावर शेरा मारल्याशिवाय त्याला राहवलेलं नाही. परदेशी राहणाऱ्या माणसाची ही खोड तीनशे वर्षांत बदललेली नाही, हे हा स्तंभ वाचणाऱ्यांना पटेल. हे ‘ओलं करणं’ पुढे रीतसर विधी झालं: दिवसभर कोटावर मिरवलेलं शॅमरॉक रात्रीच्या शेवटच्या ग्लासात टाकायचं, बहुधा व्हिस्कीच्या, संताच्या नावानं ग्लास रिकामा करायचा आणि तळाशी उरलेलं पान डाव्या खांद्यावरून मागे फेकायचं. याला शॅमरॉक बुडवणं म्हणतात. आता असं करणारे कमीच, पण हा शब्दप्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे.

मग हिरव्या टोप्या, हिरवी बिअर, रस्त्यावरचा धुमाकूळ हे सगळं आलं कुठून? ते आलं देश सोडून गेलेल्यांकडून. बॉस्टनमधल्या आयरिश मंडळींनी १७३७ मध्ये हा दिवस साजरा केला. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची, आणि ती काढणाऱ्यांत ब्रिटिश फौजेत चाकरी करणारे आयरिश सैनिक होते. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो माणसं जहाजांत बसून गेली आणि त्यांच्याबरोबर हा सणही अमेरिकेत मोठा झाला. मायदेशी सण देवळातला असतो, परदेशी तो रस्त्यावर येतो, कारण आपण इथं आहोत हे दुसऱ्यांना दाखवायचं असतं. परमुलखात ढोल-ताशा पथक काढलेल्या कुणाही मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हिरव्या बिअरचा मान न्यूयॉर्कच्या डॉक्टर थॉमस कर्टिन यांना देतात. १९१४ साली ब्रॉन्क्समधल्या एका क्लबच्या मेजवानीत त्यांनी पाहुण्यांना हिरवी बिअर पाजली. कृती सोपी: पिवळ्या बिअरमध्ये कपड्यांना घालायच्या निळीचा एक थेंब. हे गृहस्थ कॉरोनरचे डॉक्टर होते, म्हणजे संशयास्पद मरण आलेल्यांची तपासणी हा त्यांचा पेशा. पाहुण्यांना हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. पुढे १९६२ पासून शिकागोच्या प्लंबरांनी अख्खी नदीच हिरवी करायला घेतली. डब्लिनच्या कुठल्याही शहाण्या पबात मात्र हिरवी बिअर मागू नये. बारमन काही बोलणार नाही, पण पुढचा पाइंट मिळायला वेळ लागेल. शिवाय इथली मुख्य बिअर गिनेस, आणि ती काळी. तिच्यापुढे निळीचा काय पाड लागणार!

परदेशात वाढलेला सण मग घरी परतला. आयरिश सरकारनं १९९५ मध्ये सेंट पॅट्रिक्स फेस्टिव्हलची स्थापना केली आणि १९९६ पासून डब्लिनमध्ये तो थाटात सुरू झाला. पर्यटक यावेत, हा उघड हेतू होता, आणि ते येतात. वॉशिंग्टनशी असलेलं नातंही याच दिवसावर बेतलेलं. १९५२ मध्ये आयरिश राजदूतांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याकडे शॅमरॉकची छोटी पेटी पाठवली होती. आता आयर्लंडचे पंतप्रधान व्हाइट हाउसमध्ये जाऊन शॅमरॉकनं भरलेलं काचेचं भांडं भेट देतात. लिओ वराडकर पंतप्रधान असताना ते त्यांच्या हातात असे. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्या दिवशी इथल्या मराठी घरांत टीव्हीसमोर जो उत्साह असायचा, त्याचा आयरिश-अमेरिकन संबंधांशी काही संबंध नव्हता.

डब्लिनमध्ये त्या दिवशी काय होतं, हे थोडक्यात सांगतो, कारण फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पार्नेल स्क्वेअरवरून निघालेली मिरवणूक ओकॉनेल स्ट्रीटनं खाली येते, बँड वाजतात, पाऊस पडतो, लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसून कुडकुडतात. दुपारनंतर टेम्पल बारच्या फरसबंद गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथं डब्लिनकर शोधून सापडायचा नाही. शहराच्या मध्यभागातली दारूची दुकानं पोलिसांशी ठरवून संध्याकाळी चारपर्यंत विक्री करत नाहीत, म्हणजे जुन्या ड्राय डेचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. मिरवणूक फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांच्या पुतळ्यावरून जाते. १८३८ मध्ये कॉर्क शहरात या पाद्र्यानं दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि पाहता पाहता लाखोंनी ती घेतली. पुतळ्याखालून जाणाऱ्या हिरव्या टोप्यांना हे सांगायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

खरी परंपरा पाहायची तर फिब्जबरो किंवा स्टोनीबॅटरसारख्या वस्तीतल्या पबात जावं. तिथं सणासाठी वेगळा विधी नाही. रोजचाच विधी जरा जास्त वेळ चालतो. गिनेसचा पाइंट दोन टप्प्यांत भरतात. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा आणि काउंटरवर ठेवून द्यायचा. आत तपकिरी ढग खाली उतरत राहतात. हो, खालीच. ग्लासच्या कडेचे बुडबुडे वर जायचे सोडून खाली का जातात, याचं गणित लिमरिक विद्यापीठातल्या मंडळींनी २०१२ मध्ये मांडलं, आणि त्याचं कारण ग्लासच्या आकारात निघालं. बुडबुडे इतके बारीक असतात ते नायट्रोजनमुळे. तो घालायची युक्ती १९५९ मध्ये कंपनीतल्याच मायकेल अ‍ॅश या गणितज्ञानं बसवली. संख्याशास्त्रातली ‘स्टुडंट’ची टी-टेस्टही याच ब्रुअरीतली. विल्यम गॉसेट यांनी ती १९०८ मध्ये टोपणनावानं छापली, कारण नोकरांनी स्वतःच्या नावानं काही छापायला कंपनीची परवानगी नव्हती. एका ग्लासामागे इतके गणिती राबले असतील, तर दोन मिनिटं थांबायला हरकत नसावी. काळा रंग स्थिरावला की बारमन उरलेला भाग भरतो आणि साय काठाच्या जरा वर येते. तोवर ग्लासला हात लावणारा माणूस नवखा, हे सगळ्या पबाला कळतं.

दुसरा विधी राउंडचा. चौघं बसले की एक जण उठून चौघांसाठी आणतो. मग दुसरा, मग तिसरा. आपलं ‘तुझं तू माझं मी’ इथं साफ नापास. कुणाची पाळी आहे हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांच्या लक्षात असतं, आणि आपली पाळी यायच्या आत कोट घालून निघालेल्या माणसाची आठवण वर्षानुवर्षं काढली जाते. मला ही पद्धत मनापासून आवडते आणि तिची भीतीही वाटते. चार माणसांत सगळ्यात वेगानं पिणारा बाकीच्या तिघांचा वेग ठरवतो. एकच प्यायची असं ठरवून आलेला सज्जन चौथ्या पाइंटशी कधी पोचला, हे त्यालाही कळत नाही, कारण मध्येच थांबणं म्हणजे दुसऱ्याचं देणं बुडवणं. हे दुखणं जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकमेकांना पाजण्याविरुद्ध इथं चळवळच उभी राहिली होती. जॉइसच्या ‘युलिसिस’मध्ये, तेही पबातल्याच प्रकरणात, तिचा उल्लेख आहे. चळवळ विस्मृतीत गेली, राउंड चालू आहे.

नव्यानं आलेली मराठी मुलं सणाच्या दिवशी कुठं जावं म्हणून विचारतात, तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी सांगतो: राउंडमध्ये गिनेसची ऑर्डर सगळ्यात आधी द्या, आणि प्यायची नसेल तर झिरो-झिरो मागवा, म्हणजे राउंडही मोडत नाही आणि डोकंही ठिकाणावर राहतं. ही बिनअल्कोहोलची गिनेस २०२१ मध्ये बाजारात आली आणि आमच्या टोळीतल्या निम्म्या जणांची सोय झाली. आधी नेहमीसारखी बिअर बनवतात आणि मग गाळून तिच्यातलं अल्कोहोल काढून घेतात. किंमत मात्र जवळपास तेवढीच. यंदा आमच्यातला एक सदाशिव पेठेतला मुलगा पावती हातात घेऊन थेट काउंटरशी गेला आणि बारमनला म्हणाला, यातलं अल्कोहोल काढलंय ना, मग त्याचे पैसे का घेतले?

बारमन ग्लास पुसत म्हणाला, “अरे, ते काढायचेच तर पैसे आहेत.”