वैमानिकाचे घड्याळ आणि नगरचे ऊन

माझ्या डाव्या मनगटावर वैमानिकांसाठी घडवलेले घड्याळ आहे आणि माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा आहे. या दोहोंचा मेळ कसा, असा प्रश्न आमच्या प्राध्यापक-कक्षात अधूनमधून निघतो. घड्याळ जपानच्या सिटिझन कंपनीचे आहे. त्यात तास-मिनिटांच्या काट्यांखेरीज सेकंदाचे अंश मोजणाऱ्या छोट्या उपतबकड्या आहेत, जगातील शहरांच्या वेळा आहेत आणि कडेने फिरणारे आकड्यांचे एक वर्तुळ आहे. या वर्तुळावरचे आकडे सारख्या अंतरावर नाहीत. ते लॉगरिथमच्या प्रमाणात मांडलेले असल्याने पुढे पुढे दाट होत जातात. बाहेरचे वर्तुळ फिरवून आतल्या आकड्यांशी जुळवले की गुणाकार आणि भागाकार होतात. वेग, अंतर आणि उरलेले इंधन यांचा हिशेब वैमानिक या युक्तीने करीत. ब्राइटलिंग या स्विस कंपनीने १९५२ साली 'नॅव्हिटायमर' हे घड्याळ काढले आणि असे वर्तुळ वैमानिकी घड्याळाची ओळखच होऊन बसले. मी त्यावर फार तर एस.टी.चा वेग काढतो. पुण्याचे १२० किलोमीटर तीन तासांत, म्हणजे ताशी चाळीस. एवढ्या हिशेबाला वर्तुळ फिरवावे लागत नाही, हे मलाही कळते.

आमच्या घरात वैमानिकाचे हे दुसरे घड्याळ. पहिले वडिलांचे, एचएमटी 'पायलट'. एचएमटीने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला तो सिटिझनच्याच सहकार्याने. 'जनता' आणि 'पायलट' ही त्या कारखान्याची नावाजलेली घड्याळे. वडील साखर कारखान्यात होते. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला १९५० साली झाली, आणि पुढे आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची वेळ कारखान्याच्या भोंग्याने ठरू लागली. पाळी बदलण्याचा भोंगा झाला की बायका चुली पेटवीत आणि मुले शाळेला निघत. वडील रोज सकाळी घड्याळाला किल्ली देत आणि भोंग्याबरोबर काटे जुळवीत. किल्ली देताना ते कोणाशी बोलत नसत. विमानात ते कधीच बसले नाहीत. 'पायलट' हा शब्द त्यांच्या लेखी घड्याळाच्या जातीचे नाव होते. एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. वडिलांचे घड्याळ आजही किल्ली दिली की चालते. नाही दिली तर दीड दिवसात थांबते.

माझ्या घड्याळाला माणसाची अशी गरज नाही. त्याची तबकडी प्रकाश आरपार जाऊ देते. तिच्याखाली सौरपेशी असते आणि तिच्यापासून मिळणारी वीज एका बारीकशा घटात साठते. घट भरलेला असेल तर ते अंधारातही काही महिने चालू शकते. साठा सरत आला की सेकंदकाटा एकेक सेकंद पुढे न सरकता दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. पावसाळ्यात लांब बाहीचा सदरा सलग घालत गेलो की हे लंगडणे सुरू होईल की काय, या शंकेने मी बाही दुमडतो. नगरच्या अवर्षणप्रवण मुलखात उन्हाची टंचाई मात्र सहसा भासत नाही.

तरीही या घड्याळाला 'सौर घड्याळ' म्हणताना जीभ अडखळते. जुन्या अर्थाने सौर घड्याळ म्हणजे सावलीचे यंत्र. जमिनीत उभा शंकू आणि त्याची सरकणारी सावली. ते जिथे उभे असेल तिथलीच वेळ दाखवते. माझे घड्याळ ऊन नगरचे घेते आणि वेळ मिर्झापूरजवळची सांगते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे. नगर पावणेपंचाहत्तर अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने नगरचा सूर्य प्रमाणवेळेच्या ३१ मिनिटे मागे चालतो. सूर्याच्या भासमान गतीतल्या फरकामुळे आपला खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराला, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजता होतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा नगरात माथ्यावर सूर्य नसतोच. प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ त्यानंतरही अनेक दशके सोडली नव्हती. नगरच्या ३१ मिनिटांसाठी कोणी भांडल्याचे माझ्या वाचनात नाही. तबकडीवरच्या शहरांत भारतासाठी दिल्लीचे नाव आहे.

प्रमाणवेळेशी माझे भांडण नाही. तिच्याशिवाय गाड्या धावणार नाहीत. प्रश्न मोजणाऱ्याने काय मोजायचे ठरवले, हा आहे. मराठीत 'तास' हा शब्द साठ मिनिटांनाही आहे आणि वर्गातल्या पाठालाही. आमच्या महाविद्यालयांतला तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, म्हणजे बरोबर दोन घटिका. जुन्या कालगणनेत यालाच मुहूर्त म्हणत. सेट होऊनही काही वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. मानधन घड्याळी तासावर होते. अठ्ठेचाळीस मिनिटांचे पाच तास शिकवले की चार तास भरत, आणि सुट्ट्या लागल्या की एकही नाही. 'स्मृतिचित्रे' शिकवण्यासाठी रात्री केलेले वाचन, दोन तासांमधली ताटकळ, तपासलेल्या वह्या यांना त्या हिशेबात जागा नव्हती. वडिलांना कारखान्यात हंगामाबाहेरचे महिने बसून काढणारे हंगामी कामगार ठाऊक होते. माझी नोकरी त्यांना समजावून सांगावी लागली नाही. कायम नेमणूक झाल्यावर दिवाळीत मी हे घड्याळ घेतले. तोवर वेळेने मला मोजले होते. आता वेळ मोजण्याचे भारी साधन आपल्या हाती असावे, एवढीच त्यामागची हौस.

आमच्या विभागात आजही तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी आहेत. त्यांचा तास संपला की पाथर्डी-पारनेरकडच्या मुली त्यांना वऱ्हांड्यात गाठतात. वृत्तांची फोड, प्रश्नपत्रिकेतला एखादा अवघड प्रश्न, नाहीतर घरी शिक्षण थांबवायचे चालले आहे ही दबक्या आवाजातली गोष्ट. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि गावाकडची शेवटची एस.टी. गाठायची असते, म्हणून सारे घाईत. मीही कधी त्यांच्यात उभा राहतो. त्या वेळी ऊन तिरपे होऊन थेट मनगटावर येते आणि घड्याळ ते मुकाट साठवत असते. उभ्या उभ्या शिकवलेल्या त्या वीस मिनिटांची नोंद मात्र महिनाअखेरीच्या देयकात कुठेच सापडत नाही.